नवमीपर्यंतच्या दोन पिशव्या

“पिशवी फेकायला उचललीस की आधी खाली ठेव. कोणाच्या दारात जायचं राहिलंय ते आठव. त्या दारात जाऊन ये, आणि मग फेक.”

शांताराम देवधरांचा आवाज घोगरा होता, आणि सांगताना ते कधी मान वर करत नसत. मी आमच्या दवाखान्याच्या रक्तपेढीत लागले तेव्हा तेच तिथले मुख्य. निवृत्त होऊन नाशिकला गेले, तिथेच वारले. पण फ्रिजचं दार उघडलं की थंड हवेबरोबर त्यांचं ते बोलणं अजून अंगावर येतं.

आमचा दवाखाना हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या टाउनशिपचा. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की अवधपुरीची नवी घरं लागतात. रक्तपेढी म्हणजे दोन खोल्या, एक मोठा फ्रिज, बाहेर एक बाकडं. रक्ताच्या पिशवीला पस्तीस दिवसांचं आयुष्य. त्यानंतर ते दिसायला तसंच लालभडक दिसतं, पण कोणाला चढवता येत नाही, भट्टीत जातं. म्हणून जुनी पिशवी पुढे आणि नवी मागे लावायची, घरी दुधाचं करतो तसंच.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! आमच्या महाराष्ट्र मंडळाचं रक्तदान शिबिर असतं गणेशचतुर्थीला. मूर्तीची प्रतिष्ठापना झाली, आरती झाली, की मांडवातच खाटा टाकतात. फक्त आपलीच माणसं नाहीत. बंगाली, मल्याळी, पंजाबी, सगळी टाउनशिप बाह्या वर करून उभी राहते. त्या संध्याकाळी माझ्या फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नसते. मग येतो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात ऑपरेशनला कोणी तयार होत नाही. पितरांच्या दिवसांत अंगाला चाकू नको म्हणतात. मग घट बसतात. अर्धी टाउनशिप उपाशी, आणि उपाशी माणसाचं रक्त घेता येत नाही. आणि नवमीला चतुर्थीच्या पिशव्यांचे दिवस भरतात. दर वर्षी असंच. ज्यांनी चतुर्थीला दिलं त्यांना तीन महिने पुन्हा देता येत नाही, म्हणजे फ्रिजही रिकामा आणि माणसंही रिकामी.

मंडळाचे सचिव दिगंबरराव चितळे. त्यांना मी दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं.

“दिगंबरराव, माणसं तेवढीच बोलवा, पण वर्षातून चार वेळा थोडी थोडी. एकदम सगळी नको.”

“ताई, गणपतीसमोर माणूस हात पुढे करतो. एरवी सुई बघितली की त्याला गावाला जायचं असतं.” मग हसून म्हणाले, “आणि वर्तमानपत्राचा फोटोवाला काय दिवाळीनंतर येणारे तुमच्या बाटल्यांसाठी?”

मी पेढीत परत आले. मला मोठ्यानं भांडता येत नाही.

त्या वर्षी मी निदान एक केलं. पितृपक्षातच शहरातल्या दवाखान्यांना फोन लावत बसले आणि ज्यांना हव्या त्यांना जुन्या पिशव्या देऊन टाकल्या. अष्टमीला सकाळी फ्रिजमध्ये चतुर्थीच्या फक्त दोन पिशव्या उरल्या होत्या. दोन्ही बी निगेटिव्ह. दोन्हींच्या गळ्यात चिठ्ठी होती, सिंधू सबनीस.

सिंधू आमच्याच लायनीत चार क्वार्टर सोडून राहणारी. तिच्या जठरात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. कधी थांबे, कधी पुन्हा सुरू. डॉक्टर निगम आमच्या सर्जन. त्यांनी तिला गणपतीतच सांगितलं होतं, कापून शिवल्याशिवाय हे थांबायचं नाही. तिचा गट इतका दुर्मीळ, म्हणून मी दोन पिशव्या तिच्या नावानं बाजूला ठेवल्या. पितृपक्ष संपू दे, म्हणाली. पितृपक्ष संपला तर घट बसले. आता तिचं म्हणणं, दसऱ्याला घट उठले की त्याच पावली येते.

दसऱ्याला! आणि पिशव्या नवमीच्या रात्री संपणार होत्या.

त्या सकाळी मी येऊन बघते तर बाकड्यावर एक माणूस बसलेला. मांडीवर पाणी न्यायचा प्लॅस्टिकचा लाल कॅम्पर. त्यात बर्फ. नाव नन्हेलाल. त्याचा धाकटा भाऊ मंडीदीपच्या एका कारखान्यात ठेक्यावर कामाला होता, त्याचा पाय यंत्रात सापडला होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पडून होता. पाय काढल्याशिवाय जगणार नाही आणि रक्ताशिवाय पाय काढता येणार नाही. बी निगेटिव्ह. कोणीतरी त्याला सांगितलं, टाउनशिपवाल्यांकडे बघ.

“बहनजी, डॉक्टर बोले कल शाम तक। उसके बाद ज़हर ऊपर चढ़ जाएगा।”

मी म्हटलं, “भैया, वो दो किसी और के नाम से रखी हैं।”

“तो वो ले जाए। मैं बैठा हूँ। बच जाए तो मुझे दे देना।”

इतक्यात डॉक्टर निगम राउंडवरून आल्या. बाईंचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांनी नन्हेलालकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“प्रतिभाजी, सिंधू का क्या?”

“दसऱ्यानंतर म्हणते.”

“दसऱ्याला ऑपरेशन थिएटर बंद. उसके बाद मैं उसे किस खून से उठाऊँगी? पानी से?” त्या आत आल्या, दार लोटलं. त्यांचं मराठी-हिंदी असंच मिसळलेलं. “सुनो. व्रण पे नौ दिन का उपवास! वेडी आहे का ती? आज शाम तक वो भर्ती हुई तो कल सुबह पहला ऑपरेशन उसका, और दोनों बोतलें उसकी. एका बाटलीवर मी तिला हात लावणार नाही. नहीं आई तो दोनों इस आदमी को दे दो. मैं भट्टी में नहीं डालूँगी.”

मी मान हलवली. सिंधू आली नाही आणि पिशव्या गेल्या, तर पुढचा झिरपा तिला नेईल. सिंधूची वाट बघत पिशव्या ठेवल्या आणि ती आलीच नाही, तर तो पोरगा जाईल, आणि पिशव्याही भट्टीत. शहरातल्या सगळ्या पेढ्यांना पुन्हा फोन लावले. एकानं सांगितलं, बी निगेटिव्ह तर आम्हीच शोधतोय. आमच्याकडच्या बी निगेटिव्हवाल्यांची नावं मला पाठ होती. सगळ्यांनी चतुर्थीला दिलेलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सिंधूकडे निघाले. फाटकाशी दवाखान्याच्या रबरी चपला काढून ठेवल्या. नवरात्रात मी अनवाणी असते.

सिंधूचं दार उघडंच होतं. आत घट, त्यात धान्याचे पिवळसर कोंभ वीतभर आलेले, वर माळा, बाजूला तिच्या सासूबाईंची पितळी समई. सिंधू भिंतीला टेकून झेंडूची माळ ओवत होती. ओवत होती म्हणजे सुई हातात होती. नखं पांढरी पडलेली, ओठ आणि कपाळ एकाच रंगाचे.

“या प्रतिभाताई. तुम्ही कशाला आलात ते ठाऊक आहे. साबुदाण्याची खिचडी ठेवलीय झाकून, आधी ती खा, मग रागवा.”

“मी रागवते का कधी?”

“म्हणून तर भीती वाटते. निगमबाई ओरडतात ते बरं, कानावर हात ठेवता येतो.”

मी तिच्या शेजारी बसले. माळ हातात घेतली, तिच्या सुईत फुलं घालायला लागले. मग सांगितलं. दोन पिशव्या आहेत, उद्या रात्री संपतात, दसऱ्याला काही उरणार नाही.

“मग दुसऱ्या येतील की.”

“नाही येणार. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलंय.”

“अंबाबाई बघेल.”

मीही तेच म्हणत असते. माझ्याही घरी घट बसलेत, दिवा तेवतोय. मी कोणत्या तोंडानं सांगणार होते की हे सोड?

सिंधूच हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला सांगितलंय ना सासऱ्यांचं? आम्ही तेव्हा नवरात्रात कोल्हापूरहून इकडे यायला निघालो. बदली झाली होती. गाडीत दिवा कसा ठेवणार? सासूबाई म्हणत होत्या, दसरा होऊ द्या. कोणी ऐकलं नाही. त्याच वर्षी कारखान्यात मामंजींवर क्रेनची साखळी तुटून पडली. मरेपर्यंत सासूबाई एकच म्हणायच्या, सिंधू, मी दिवा सोडला गं.” तिनं समईतली काजळी काडीनं काढली. “आणि आता हे साइटवर आहेत. बॉयलरच्या उंचीवर उभे असतात दिवसभर. आठ दिवसांची रजा मागितली होती, युनिट चालू व्हायचंय म्हणून दिली नाही. मी दिवा सोडून येऊन झोपू त्या टेबलावर? आणि वर ह्यांचा पाय सटकला तर?”

तिचे यजमान सुभाष दूर विजेच्या कारखान्याच्या उभारणीवर गेलेले. घरात दुसरं कोणी नाही. मूल नाही, सासू गेलेली.

“दिवा दवाखान्यात आणू का?” तिनं विचारलं. “कोपऱ्यात ठेवीन. कोणाला दिसणार नाही.”

“ऑक्सिजनच्या नळ्या आहेत गं तिथे. तुझ्यासकट सगळा वॉर्ड देवीकडे जाईल.”

ती हसली. हसता हसता तिनं पोट धरलं आणि मान भिंतीवर टेकली. डोळे मिटले. मी हाक मारली तर पटकन ओ दिली नाही. घामानं तिचा हात थंडगार झाला होता. उठून मोरीकडे गेली, मी मागे गेले. तिला उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी, काळी. तिनं घाईघाईनं पाणी ओतलं, जणू मी बघितलंच नाही.

“कधीपासून?”

“सहाव्या माळेपासून.”

मी तिला परत आणून बसवलं आणि समईत तेल घातलं, कारण ज्योत खाली गेली होती आणि तिचा हात उचलत नव्हता. घातल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण दुसऱ्याच्या कुळाच्या दिव्याला हात लावला. सिंधूही बघत होती. ज्योत सरळ झाली.

“सिंधू,” मी म्हटलं, “दसऱ्यापर्यंत हा दिवा मी सांभाळते. रात्री इथेच दिव्यापाशी झोपेन. दिवसा कामावरून येऊन येऊन तेल घालीन.”

“आणि तुमचा नेम?”

माझा नेम सगळ्या लायनीला माहीत होता. लग्न होऊन आले तेव्हापासून नवरात्राच्या रात्री मी आमच्या दिव्यापासून हलत नाही.

“माझ्या घरी सासूबाई आहेत,” मी म्हटलं.

“पण तुम्ही आमच्या घरच्या नाही. घरच्या बाईनंच करायचं असतं. मी तुम्हाला परकी म्हणत नाही हो, पण…”

“मग घरची करून घे.”

ती बघतच राहिली. मग हळूहळू, जमिनीवर हात टेकत उठली. ट्रंकेतून एक खण काढला, नारळ घेतला, ओंजळभर तांदूळ. मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं ते कपाळावरून नाकापर्यंत सांडलं. माझ्या पदरात नारळ घालून म्हणाली,

“आजपासून तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई. अंबाबाई, बघून ठेव गं. उद्या ओळखत नाही म्हणू नकोस.” मग माझ्याकडे वळून, “जाऊबाई, आता एक सांगू? थोरल्या जावेनं धाकटीची भांडी पण घासायची असतात.”

“दसऱ्यानंतर घासू, दोघी मिळून.”

दारातून बाहेर पडताना तिनं समईसमोर डोकं टेकलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा माझी बोटं तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

“विझू देऊ नका. माझं काही झालं तरी. ह्यांच्यासाठी.”

“नाही विझणार.”

लायनीच्या टोकाला रिक्षा मिळाली. तिला भरती केलं, नळी लावली. डॉक्टर निगम आल्या, तिचे डोळे खाली ओढून बघितले आणि माझ्यावर डाफरल्या, “इतक्या उशिरा? पहिली बोतल आत्ता लावा, रात में धीरे धीरे.” मग जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

पहिली पिशवी मी स्वतः नेऊन दिली. परत आले तर नन्हेलाल तसाच बसलेला. कॅम्परमधला बर्फ वितळून अर्धं पाणी झालं होतं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले.

“वो बाई आ गई?” त्यानंच विचारलं.

“आ गई।”

“अच्छा हुआ।” त्यानं कॅम्परचं झाकण घट्ट केलं, मग पुन्हा उघडलं. “तो एक भी नहीं?”

“एक अभी चढ़ रही है। दूसरी कल सुबह ऑपरेशन के लिए है। भैया, जर… अगर वो बच गई, तो मैं पहुँचाऊँगी। कल दोपहर तक। पर बच गई तो।”

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. घाईत चपला घालायच्या राहिल्या होत्या; पाय धुळीनं भरलेले, टाचेला भेगा.

“देवी का व्रत है?”

“हो.”

“तो आप बोलोगी तो आएगी।” त्यानं वॉर्ड सांगितला, भावाचं नाव सांगितलं. छोटेलाल. बाहेर जाऊन त्यानं कॅम्परमधलं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामा कॅम्पर खांद्याला अडकवून बसथांब्याकडे गेला. मी खिडकीतून बघत राहिले. मला वाटलं, मी ह्या माणसाला आशा द्यायला नको होती.

घरी गेले. सासूबाईंना, लीलावतीबाईंना, सगळं सांगितलं. त्या दिव्यापाशी जप करत होत्या. माळ थांबली नाही.

“म्हणजे यंदा तू रात्रीची इथे नाहीस.”

“नाही.”

“वीस वर्षं बसलीस ना? देवीनं मोजलंय.” दोन मणी पुढे गेले. “आपल्याकडचं तिळाचं तेल ने. सबनिसांची समई खादाड आहे, सिंधूच्या सासूनं मला सांगितलं होतं. एकदा भरली की चार तास, त्यापुढे नाही. आणि वातीला फुलवात नको, लांब वात लागते.”

ती रात्र सिंधूच्या घरी गेली. मी झोपले नाही. नवमीला पहाटे समई काठोकाठ भरली, दाराला कुलूप लावलं आणि दवाखान्यात गेले.

सिंधूला आत नेताना ती शुद्धीवर होती. “जाऊबाई, तेल?” एवढंच विचारलं.

“काठोकाठ.”

दार बंद झालं. मी रक्तपेढीत येऊन फ्रिजसमोर स्टुलावर बसले. दुसरी पिशवी समोर, एकटी. मी तिच्याकडे बघत नामस्मरण करायचा प्रयत्न केला. जमेना. मन दोन्हीकडे ओढ घेत होतं. पिशवी लागू नये म्हणावं तर त्या पोरासाठी म्हटल्यासारखं, आणि सिंधूला काही झालं तर आपण काय मागत होतो? शेवटी मी काही मागितलंच नाही. नुसती बसले. ऑपरेशन थिएटरमधून कोणी धावत आलं की माझा हात आपोआप फ्रिजच्या मुठीवर जायचा. एकदा वॉर्डबॉय आला, दिलेला ट्रे परत ठेवून गेला. एकदा सिस्टर आली, म्हणाली तयार ठेवा, आणि गेली. कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला तेव्हा मला समई आठवली. चार तास कधीच होऊन गेले होते.

मी उठले. उठून पुन्हा बसले. पिशवी सोडून जाता येत नव्हतं, कारण कुठल्याही क्षणी मागितली असती.

डॉक्टर निगम आल्या त्या टोपी काढतच. केस घामानं चिकटलेले.

“व्रण शिवला. फार खोल होता, शिरेपर्यंत गेलेला. अजून एक दिवस थांबली असती तर मी काही करू शकले नसते.” त्या टेबलावर टेकल्या. “अभी बेहोश है. ब्लीडिंग बंद आहे. दुसरी लागली नाही.”

“मग ही?”

त्यांनी फ्रिजकडे बघितलं. “रात को फिर चालू हुआ तो लगेगी. नाही झालं तर बारा वाजता ती कचरा. मला ठेवावीशी वाटते, प्रतिभाजी. पण मी घाबरले आहे म्हणून ठेवावीशी वाटते. उसको ज़रूरत है इसलिए नहीं.” मग चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “वो आदमी?”

“शाम तक.”

“भेज दो. रातभर मैं सिंधू के पास बैठूँगी.”

मी पिशवीच्या गळ्यातली सिंधूची चिठ्ठी काढली. डब्यात बर्फ भरला, पिशवी फडक्यात गुंडाळून आत ठेवली. मोठ्या दवाखान्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही. दवाखान्याची गाडी विचारली. ती शहरात, तिथल्या मंत्रालयाकडे तुलसी नगरला कोणा साहेबांना घेऊन गेलेली, कधी येईल ते ड्रायव्हरच्या बायकोलाही माहीत नाही. रिक्षानं मी स्वतः जाऊ? येऊन-जाऊन संध्याकाळ होणार. तोवर समई… आत्तासुद्धा ती पेटलेली आहे का, कोणाला ठाऊक.

मी डबा पोटाशी धरून उभी होते. दोन ठिकाणी मी शब्द दिला होता, आणि माझे पाय दोनच.

कोणाच्या दारात जायचं राहिलंय ते आठव.

मला एकच दार आठवलं. तिथे मी नेहमी तक्रार घेऊन गेले होते, मागायला कधी गेले नव्हते.

मंडळाच्या सभागृहात नवमीच्या होमाची तयारी चाललेली. दिगंबरराव सोवळं नेसून यजमान म्हणून पाटावर बसलेले. गुरुजी समिधा रचत होते. माणसं भोवती बसलेली. मी दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं बोलले.

“दिगंबरराव, स्कूटर आहे का तुमची?”

सगळे वळले.

“ताई, होम आहे आत्ता. पूर्णाहुतीनंतर…”

“पूर्णाहुती संध्याकाळी होईल. ही पिशवी त्याच्या आधी पोचली पाहिजे. चतुर्थीला तुमच्या मांडवातच दिलेलं रक्त आहे हे. शेवटचं. रात्री मेलेलं असेल.” मी डबा पुढे केला. “फोटोवाला तिकडे नसेल. पण एक पोरगा आहे. छोटेलाल नाव.”

गुरुजींच्या हातातली समिधा तशीच राहिली. दिगंबररावांच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग त्यांनी डब्याकडे बघितलं.

“चतुर्थीचं?” ते हळूच म्हणाले. “एवढे दिवस तुम्ही हे सांभाळत बसता?”

त्यांनी दर्भाची पवित्री बोटातून काढून गुरुजींच्या समोर ठेवली. “गुरुजी, रवीला बसवा माझ्या जागी. माझा धाकटा. त्याला मंत्र येत नाहीत, पण तूप ओतता येतं.” कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. सोवळ्यावरच शर्ट चढवला, स्कूटरला किक मारली, डबा दोन्ही पायांच्या मध्ये ठेवला. मी वॉर्ड सांगितला, नाव सांगितलं, दोनदा.

“भेटला नाही तर?” त्यांनी विचारलं.

मी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून घट्ट केलं. त्यांनी स्कूटर काढली. थोडं पुढे जाऊन थांबले, वळून म्हणाले, “ताई, चार वेळा म्हणाला होतात ना तुम्ही? थोडी थोडी?” आणि उत्तराची वाट न बघता गेले.

सभागृहामागून लायनीकडे जाणारा रस्ता उन्हात पांढरा पडला होता. माझ्या पदराला सिंधूची किल्ली बांधलेली. तेलाची बाटली सकाळीच पिशवीत घालून दवाखान्यात नेली होती, ती आता काखेत होती. सिंधू अजून शुद्धीवर आली नव्हती. छोटेलालचं काय ते कळलं नव्हतं. समई पेटलेली असेल की विझलेली, तेही नाही.

मी पाऊल उचललं. डांबर तापलं होतं. पाय पोळत होते, पण धावता येईना; धावले तर तेल सांडेल असं वाटलं. म्हणून झपझप चालत, तोंडानं काही न म्हणता, मी माझ्या धाकट्या जावेच्या घराकडे निघाले.